नाकाची साक्ष

आक्कानं पुढं केलेल्या बशीतल्या लवंगा काळ्याभोर, कोरड्या, एकीचंही डोकं मोडलेलं नाही — पाहुण्यांसाठी असतील असं समजून तिनं एक उचलली, चावणार, तोच आक्का म्हणाली, "चावायची नाही हो. दाढेखाली नुसती धरायची. वास आला की."

वास आला की... पाहुणे आले की म्हणावं इतक्या सहज. ती विज्ञानाच्या इतिहासाची प्राध्यापक. हवेबद्दल माणसांना काय कळतं आणि यंत्रांना काय कळत नाही, यावर तिनं पुस्तक लिहिलेलं. कारखान्यामागच्या या वस्तीतल्या बायकांचे अर्ज, मोर्चे, धरणी सगळं तिला तोंडपाठ होतं. उद्या चौकशी समितीपुढे तिची साक्ष. कारखाना म्हणत होता, भट्टी केव्हाच बंद केलीय. यंत्रं म्हणत होती, हवा स्वच्छ. बायका म्हणत होत्या, वास येतो. आणि बाहेरचं असं एकच नाक, तिचं...

"तुमचंच नाक आता कामाचं," आक्काची सून म्हणाली. "आमची केव्हाच कापून झालीत."

शेजारची शिवणकामवाली मोठ्यानं हसली, मोर्चात हरवलेल्या चपलेची गोष्ट सांगू लागली आणि अर्ध्या वाक्यात थांबली. आक्काही थांबली. सुनेच्या हातातली किटली हवेतच राहिली. तिघींच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. आणि खाली गल्लीतही, तिच्या लक्षात आलं, काहीतरी थांबलं होतं — भांड्यांचा आवाज, कुणाच्या हाका... सगळंच. तिघींनी न बोलता लवंगा तोंडात टाकल्या.

"आला," आक्का म्हणाली.

तिनं श्वास घेतला. चहा. साबण. ओली फरशी. पुन्हा घेतला, खोल... आणखी काहीच नाही.

तिची आई अशीच थबकायची, स्वयंपाकघराच्या दारात — "गॅसचा वास येतोय गं" — आणि बाबा वर्तमानपत्राआडून, "हिचं नाक आहे की पोलीसचौकी!" सगळे हसायचे, आईसुद्धा, पण हसता हसता एकेक खिडकी उघडत जायची. वास होता की नव्हता ते कधी कळलंच नाही. त्या खिडक्यांतूनच आपलं पुस्तक आत आलं, असं ती लोकांना सांगायची. सांगायची खरी...

"येतोय ना?" सुनेनं विचारलं.

शिवणकामवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खरंखुरं. ज्याला सोसावं लागतं त्याचं शरीर हेच यंत्र, असं तिनंच लिहिलेलं; मग हे आपलं शरीर कोण...

"हो," ती म्हणाली. "येतोय."

"कसला?" आक्कानं विचारलं.

"...जळल्यासारखा."

सून किटली ठेवून आत निघून गेली. आक्का तिच्याकडे पाहत राहिली, रागानं नव्हे. जन्मभर परिचारिका होती ती, ताप आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"गोड असतो तो, बाई. फार गोड. आमचं मन राखायला हो म्हणू नका. उद्या समितीवालेही हेच विचारतील."

"मग काय सांगू?"

"आला नाही म्हणून सांगा. खरं ते." मग जरा थांबून, "लग्न होऊन आले तेव्हा मलाही येत नव्हता. सासूबाई बोलता बोलता अशा थांबायच्या. वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय."

"आणि मग?"

"मग काय... एकदा आला तो आलाच."

ती निरोप घेऊन उतरली. गल्ली पुन्हा सुरू झाली होती, जणू कधी थांबलीच नव्हती. बस थांबते तिथं एक बेकरी होती. काचेआड नुकतेच काढलेले केक, वाफेनं धुरकटलेली काच. माणसं रांगेत उभी होती, कुणी मोबाइलमध्ये, कुणी जांभया देत. छातीत कळ आली तेव्हा कुठं तिला समजलं — वस्तीतून निघाल्यापासून ती तोंडानं श्वास घेत होती, लहान लहान, तहान नसताना पाणी प्यावं तसा. नाक चोंदलेलं नव्हतं. नुसतं मिटलेलं होतं, आतून, कुणीतरी मिटावं तसं... एकदा हुंगून बघायला काय हरकत होती? समोर बेकरीच होती, गोड वास येणारच. पण आला, तर तो कुठला म्हणायचा, बेकरीतला की वस्तीतला?

बस आली, दार उघडलं. मागचा माणूस म्हणाला, "चढताय ना, ताई?" आणि तिला मान हलवता आली, पाय उचलता आला, फक्त ओठ मिटता येईनात.