ऐकण्याच्या चॅनलवर

प्रयोगशाळेतल्या बाईंनी अ‍ॅम्प्लिफायरची केबल काढली, तिचं टोक पुसलं आणि पुन्हा घट्ट आवळली. भिंतीलगतच्या बाकावर बसलेले दोघे त्यांच्या हातांकडे डोळे लावून होते. एक किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राचा ऑपरेटर; अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच केंद्रातला. दुसरा, वादळात बुडालेल्या बोटीवरच्या तरुणाचा थोरला भाऊ.

गावाने निकाल केव्हाच लावून टाकला होता. बोटीवरून हाक आली असणार आणि हा ऑपरेटर घोरत पडला असणार. भाऊ तेवढा ऑपरेटरच्या पाठीशी उभा राहिला. आली नाही म्हणतो ना, मग नसेलच आली, असं तो चारचौघांत ठणकावून सांगायचा. ऑपरेटरने यंत्रं तपासायची मागणी केली, तेव्हा सोबतीलाही तोच आला.

बाईंनी आधी आपल्याच उपकरणांचा आवाज मोजला. पडद्यावरची रेघ तळाशी निपचित होती. मग अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. केंद्र ज्या लहरीवरून बोलतं, ती मुख्य लहर फिल्टरने अडवलेली होती. रेघ जागची हलायला नको होती. ती उसळली आणि वरच थरथरत राहिली. त्यांनी केबल बदलली, फिल्टर बदलला. रेघ काही खाली येईना.

"त्या संध्याकाळी तुमच्या केंद्रावरून हवामानाची सूचना सतत चालू होती?"

"हो मॅडम. वादळच तसं होतं."

"मग तुम्हाला ऐकू येणार कसं? तुमचं बोलणं चालू असलं, की या अ‍ॅम्प्लिफायरचा खरखराट तुमच्याच ऐकण्याच्या चॅनलवर सांडतो. लांबची हाक त्यात बुडून जाते. तुमच्या जागी कोणीही असतं, तरी हेच झालं असतं."

ऑपरेटरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे गदगदू लागले.

"दादा, ऐकलंत ना? सुटलो हो मी!"

भावाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. नजर मात्र पडद्यावरच होती.

"म्हणजे... त्याने हाक मारली होती?"

"ते यंत्राला सांगता येत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मारली असेल, तर ती पोचली नसणार. एवढंच."

भावाने मान डोलावली.

"आईला मी सांगितलंय, हाक आली नाही, म्हणजे एका लाटेत सगळं आटोपलं. त्याला कळलंसुद्धा नसेल. तेव्हा कुठे दोन घास खायला लागली ती."

ऑपरेटरने तोंडावरचे हात काढले. गाल ओलेच होते. तो भावाकडे बघत राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "अजून एकदा मोजून बघा ना. चूक झाली असेल तुमची."

बाईंनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, निवायला ठेवला, आणि खुर्ची ओढून त्या दोघांच्या शेजारी बसल्या.