वळणावरच्या आरशाला आधी दिसतं

मित्रांनो, माझ्यात तोंड बघायला कुणी येत नाही. आलाच कुणी, तर त्याला स्वतःचं नाक भोपळ्याएवढं दिसतं. मी घाटरस्त्याच्या वळणावर खांबाला लावलेला फुगीर आरसा आहे. म्हातारा झालोय. कडेचा लाल रंग उडालाय, खालच्या अंगाला एक डाग पडलाय तो जात नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. सपाट पत्रा साच्यात दाबून फुगवला आणि एका कामगाराने तो घासून घासून चकचकीत केला. मला खोक्यात ठेवताना तो म्हणाला, "जा बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड." त्याचे हात मला अजून आठवतात.

पण मी या वळणावर का आलो, ते ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. इथे एक अपघात झाला होता. दूधगाडी चालवणाऱ्या एका तरुणाने घाईत चुकीच्या बाजूने वळण कापलं, हॉर्नही दिला नाही. समोरून सायकलवर एक सुतारकाका येत होते. त्यांचा जीव वाचला, पण उजवा हात कोपरात आखडला तो आखडलाच. रंधा धरता येईना. सगळे म्हणाले, वळणच वाईट आहे. म्हणून मला इथे उभं केलं.

त्या तरुणाची थोरली बहीण याच रस्त्यावर झाडलोटीचं काम करायची. ती त्याला 'धाकट्या' म्हणायची. रोज सकाळी तो तिला दूधगाडीतून इथे सोडायचा. मग ताई लांब काठीला ओलं फडकं बांधून आधी माझं तोंड पुसायची आणि नंतर झाडू हातात घ्यायची. मला पुसणं काही तिच्या कामात नव्हतं. मित्रांनो, जगात पुष्कळ कामं अशीच, कुणी न सांगता होतात.

धाकट्या अपघातानंतर एकदाच दवाखान्यात जाऊन आला होता. पुन्हा काकांच्या दारात गेला नाही. घरातल्या मोठ्यांनी त्याची समजूत घातली होती, "वर लिहिलेलं कुणाला चुकत नाही." ते वाक्य त्याने गोधडीसारखं पांघरून घेतलं. पण ऊब काही मिळत नसावी, कारण तो सारखा तेच बोलायचा.

"ताई, देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं ना?"

"असं म्हणतात खरं."

"मग मी वळण कापणार हेही त्याला ठाऊक होतं. देवाचं जाणणं खोटं ठरेल का? म्हणजे मला दुसरं काही करताच येत नव्हतं."

ताईने फडकं पिळलं. "मला एवढं कळत नाही रे. पण आज तू जेवणार हेही देवाला ठाऊक असेल. म्हणून घास आपोआप तोंडात जाईल, असं म्हणून हात बांधून बसलेलं मी तुला कधी बघितलं नाही."

धाकट्याला हसू आलं. त्याने गाडी सुरू केली.

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी ताई वळणाजवळ झाडत होती आणि धाकट्या दूध पोचवून परतत होता. पलीकडच्या बाजूने एक बस ट्रॅक्टरला मागे टाकायला म्हणून भलत्याच बाजूला आली. दोघांना एकमेकांची गाडी दिसत नव्हती. मला दोन्ही दिसत होत्या. मला ओरडता येत नाही. धाकट्या ब्रेक लावेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी काही देव नाही.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. गाडी कठड्याला लागून थांबली. बस वीतभर अंतरावरून निघून गेली. मागे रिकामे कॅन कितीतरी वेळ खडखडत राहिले.

धाकट्या उतरून कठड्यावर बसला. ताई धावत आली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"याला बस आधी दिसली," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "पण म्हणून काही याने ब्रेक दाबला नाही."

"नाही."

"मी थांबणार, हे देवाला ठाऊक असेल?"

"असेल की."

"तरी थांबलो मी. हा बघ, याच पायाने ब्रेक दाबला." मग त्याने वळणाकडे पाहिलं. "ताई, मग त्या दिवशीचा पायही माझाच होता."

मित्रांनो, देवाचं गणित मला सुटलेलं नाही. मला माझ्यापुरतं एवढंच कळतं, की बस आली म्हणून ती माझ्यात दिसली. माझ्यात दिसली म्हणून ती आली नाही.

त्याच दुपारी धाकट्या सुतारकाकांकडे गेला. काका म्हणाले, "जिथे झालं तिथे चल, तिथे बोल." दोघं दूधगाडीतून इथे आले. काका इतक्या दिवसांत या वळणावर पहिल्यांदाच येत होते. ते कठड्यावर बसले. धाकट्या उभाच राहिला.

"काका, मला घाई होती. हॉर्न दिला नाही, वळण कापलं. माझ्या हातून झालं असं नाही म्हणत. मी केलं."

काकांनी डोळे पुसले. "दोन वर्षं जो तो मला सांगतोय, नशीब, नशीब. अरे, नशिबाला माफ कसं करायचं? त्याला ना घर ना दार. माफ करायला समोर माणूस लागतो." मग त्यांनी डावा हात पुढे केला. "हात काही सरळ होणार नाही. पण तू आलास, बरं केलंस."

धाकट्याने तो हात दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी धाकट्या काकांच्या सुतारकामाच्या खोलीत जाऊ लागला. काका सांगायचे, तो रंधा मारायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या केसांत लाकडाचा भुसा दिसला, की ताई तो झटकायची आणि म्हणायची, "किती तासलंस, लाकूड की डोकं?"

आता ताई काम सोडून घरी बसली आहे. पुसायला कुणी नसलं, की धूळ साचते आणि मला दोन्हीकडचं धूसर दिसतं. पण तक्रार नाही. त्या कामगाराने मला घडवलं, ताईने रोज माझं तोंड धुतलं, आणि एका माणसाने वेळेवर वर पाहिलं. पत्र्याच्या एका तुकड्याला याहून जास्त काय मिळायचं?

तेव्हा मित्रांनो, माझे भाऊबंद कुठल्या वळणावर मळलेले दिसले, तर मोठ्यांना सांगून त्यांना पुसून घ्या. त्यांना दगड मारू नका. आणि आमच्याकडे बघून तुम्ही थांबलात, तर उपकार आमचे मानू नका. आम्हाला फक्त दिसतं; थांबता तुम्ही. त्याबद्दल आम्हीच तुमचे आभारी आहोत.