साहेब येणार म्हणून

पाकिस्तानशी चाललेली लढाई थांबून महिना उलटला, तेव्हा कुठे भीमाच्या कॅप्टनचं पत्र पाथर्डीच्या पोस्टातून वाडीवर आलं. त्याआधी एक तार आली होती. शिपाई भीमा लढाईत बेपत्ता आहे, एवढंच तीत होतं. बेपत्ता म्हणजे मेला की जिता, हे वाडीवर कुणालाच धड सांगता आलं नव्हतं. म्हणून पोस्टमनच्या हातून पत्र घेतलं आणि भीमाचा बाप आसाराम तसाच अनवाणी रंगनाथ गुरुजींकडे गेला. मागोमाग त्याची बायको चांगुणा निघाली, आणि तिच्यामागे पदर सावरत सून विजयमाला.

पत्र मराठीत होतं. लिहिणारे कॅप्टन बक्षी पंजाबी. गुरुजी ओट्यावर बसून सावकाश वाचू लागले.

"आपला भीमा फार बहादूर आहे. रात्री नाला पार करताना आमचा एक जखमी जवान त्या बाजूला राहिला. भीमा बोलला, साहेब, मी आणतो. मी जा बोललो. सकाळी नाला आमच्या ताब्यात आला, तेव्हा जखमी मिळाला, भीमा नाही मिळाला. लढाई संपली की मी सुट्टी घेऊन तुमच्या घरी येणार. जे कागदात लिहिता येत नाही ते समोर बसून सांगणार. मराठी मी भीमाकडून शिकला, चूक माफ करा."

मग आसाराम म्हणाला, "गुरुजी, ती पयली वळ पुन्हा वाचा बरं."

गुरुजींनी वाचली.

"बघा. साहेबानं 'आहे' लिवलंय. 'हुता' न्हाई लिवलं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "तसंच लिहिलंय खरं," एवढंच ते म्हणाले.

त्या एका शब्दावर आसारामचं घर उभं राहिलं. पोरगा दुश्मनाच्या कैदेत असणार, साहेबाला ते ठाऊक असणार, पण पलटणीच्या गोष्टी कागदावर लिहायच्या नसतात, म्हणून साहेब स्वतः येणार. असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि चांगुणाला पटवलं. सुनेला पटवायची गरज त्याला वाटली नाही. ती रोज सकाळी कुंकू लावत होती, त्याला तेवढं पुरे होतं. गुरुजींकडून दोनदा उत्तर लिहून धाडलं. दोन्हीला जबाब आला नाही.

"साहेबाला सवड गावंना," आसाराम म्हणायचा.

पुढे पावसाने तोंडच दाखवलं नाही. बाजरी वीतभर वाढून करपली, विहिरींत खडक उघडे पडले. भीमा पलटणीत गेल्यापासून म्हातारा-म्हातारीने ऊसतोड सोडली होती, पण यंदा दुसरं साधन नव्हतं. दसऱ्यानंतर मुकादम दारात आला. ट्रक भरत होते, वाडीतली चुली-भांडी वर चढत होती.

"येत न्हाई," आसाराम म्हणाला.

"हितं खानार काय, बापू? माती?"

"साहेब यायचाय. तो आला आन् दाराला कुलूप दिसलं तर?"

मुकादम पुढच्या घरी गेला. ट्रक गेले. वाडीत म्हातारी माणसं, दोन-चार कुत्री आणि ही तिघं उरली. तिघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. चांगुणाने तेवढ्यातूनही पायलीभर गहू एका डब्यात राखून ठेवला. साहेबाच्या पानात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी कशी वाढायची?

थंडीच्या तोंडाला गुरुजींनी रेडिओवर ऐकलं, की पाकिस्तानातले आपले कैदी सुटून आले. आसाराम दुसऱ्याच दिवशी एसटीने नगरला गेला. माजी सैनिकांच्या कचेरीत त्याने पत्र दाखवलं. आलेल्यांत भीमा नव्हता. तिथल्या माणसाला दया आली असावी. तो म्हणाला, "या पलटणीचे एक सुभेदार भिंगारला राहतात. गोरक्षनाथ नाव. त्यांना भेटा."

सुभेदार अंगणात बाजेवर बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्यांनी पत्र वाचून मांडीवर ठेवलं.

"साहेब कवा येत्याल?" आसारामने विचारलं.

"बापू, साहेब गेले. हे पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तोफेचा गोळा पडला. माझा पाय त्यातच गेला."

आसारामने मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाचं ऐकत होता. मग पत्रावर बोट ठेवून म्हणाला, "पर हितं बघा. साहेबानं 'आहे' लिवलंय."

सुभेदारांनी नजर खाली घातली. "साहेबांना 'होता' म्हणायला येतच नव्हतं. माझा बाप मेला तेव्हा मला म्हणाले, तुझा बाप चांगला माणूस आहे. आम्ही हसायचो. भीमा तर लई हसायचा."

"मग माझा पोरगा घावला कसा न्हाई?"

"मी डोळ्यांनी बघितलं नाही. खोटं सांगणार नाही. पण त्या नाल्यात सुरुंग होते. सुरुंगावर पाय पडला तर शोधायला काही राहत नाही, बापू. साहेबांना बहुतेक हेच कागदावर लिहायचं नव्हतं."

सुभेदारांच्या बायकोने चहा आणला. आसारामने तो प्यायला, कपबशी विसळून ठेवली आणि रामराम करून उठला.

वाडीच्या फाट्यावर उतरला तो तसाच कामावर गेला. दोघी खडीच्या ढिगाशी बसल्या होत्या. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. सुरुंगाचंही सांगितलं, झाकून ठेवायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

चांगुणा उसळली. "साहेब मेला म्हून माझा भीमा मेला व्हय? कोन तो लंगडा सांगनारा?"

विजयमालाने हातोडी खाली ठेवली आणि पदराने कपाळ पुसलं. चांगुणाने तिचा हात धरला.

"काय करतीस? लाव परत!"

"आत्याबाई, तार आली त्याच दिशी मला कळलं हुतं. तुमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून लावीत हुते. आता न्हाई लावत."

चांगुणाने तिच्या थोबाडीत मारली. मग तिलाच मिठी मारून ओरडली. आजूबाजूचे हातोडे थांबले. आसाराम दोघींपासून हातभर दूर उभा होता, आणि त्याला पुढे होता आलं नाही.

आठवड्याने विजयमालाचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. जाताना ती आसारामच्या पाया पडली.

"मामा, आत्याबाईंना एकटं सोडू नका."

"न्हाई सोडत," तो म्हणाला. सुनेला आणखी काहीतरी सांगायला हवं होतं, पण एसटी आली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेणाऱ्याने विचारलं, "सून कुठं?"

"म्हायेरी."

"परत कधी येणार?"

आसाराम ढिगाकडे वळला. चांगुणा आधीच ढिगापाशी बसली होती. डोळे कोरडे, ओठ सारखे हलत होते. तिच्या समोरचा मोठा दगड त्याने आपल्याकडे ओढला आणि हातोडा उचलला.