पाचवीचा भात

साडेदहाला नोबुएबाईंनी भाताच्या भांड्याचं झाकण उघडलं आणि नुसत्या वासानंच त्यांचं पोट भरलं. बावीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवत होत्या, पण असला भात वर्षातून एकदाच. हा पाचवीच्या पोरांचा भात. मे महिन्यात गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी रोपं लावली, उन्हाळाभर चिमण्या हाकलल्या, ऑक्टोबरात विळ्यांनी कापणी केली. खाचर नोबुएबाईंचंच. नवरा गेल्यापासून ते पडून होतं, म्हणून त्यांनी शाळेला दिलं. चिमण्यांनी आपला वाटा आधीच उचललेला, त्यामुळे तेवीस पोरांचं एक जेवण होईल एवढाच तांदूळ हाती आला. तो सगळा आज शिजला होता.

शाळेच्या रीतीप्रमाणे पोरांच्या आधी हेडसर जेवतात. काही बाधायचं असेल तर आधी त्यांना बाधावं. मिझुकोशीसर आले, भात, भाजलेला बांगडा, मुळ्याचं मिसो सूप, सगळं चवीनं जेवले. यंदाचा तांदूळ फार गोड उतरलाय म्हणाले, वाडग्यात शीत ठेवलं नाही. नोबुएबाईंना काय करू नि काय नको असं झालं.

तेवढ्यात सरांना फोन आला. पाचवीतली दोघं कालपासून तापानं घरी होती, आज सकाळी आणखी पाचजण फणफणले होते. वर्ग चार दिवस बंद, पोरांना जेवणाआधीच घरी धाडा, असा वरून हुकूम.

नोबुएबाईंनी पदर खोचला नाही एवढंच, बाकी भांडायची तयारी पूर्ण केली. वीस मिनिटं थांबवा, जेवून जाऊ देत, म्हणाल्या. सर म्हणाले, मास्क काढून एकत्र बसवता येणार नाही. मग भाताचे गोळे करून देते, घरी जाऊन खातील. शिजवलेलं अन्न फाटकाबाहेर जात नाही. बरं, सहावीला वाढू? साथीमुळे या आठवड्यात कुणालाच दुसऱ्यांदा वाढायचं नाही, वाढायचा एकच डाव दहा हातांत फिरतो. मग निदान आम्ही स्वयंपाकिणी खातो. तेही चालत नाही. आग लागो त्या नियमांना! एकेक नियम घ्यावा तर शहाणा, आणि सगळे मिळून हा असला गाढवपणा.

"सर, मग चालतं तरी काय?" त्यांनी विचारलं.

"वजन करून टाकून द्यायचं," सर म्हणाले. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, पण बरं न वाटण्यानं काय होतं?

पोरं रांगेनं फाटकाकडे निघाली. कानाए नावाची दोन वेण्यांची मुलगी, चिमण्या हाकलण्यात सगळ्यांत पुढे असलेली, खिडकीपाशी थांबून ओरडली, "काकू, आमचा भात ठेवा हं!" नोबुएबाईंनी नुसता हात वर केला. त्याच हातानं पुढे त्यांनी पाच किलो चारशे ग्रॅम भात बादलीत ओतला. अजून वाफ येत होती. बादलीमागच्या भिंतीवर पाचवीनंच रंगवलेला कागद होता, 'एकही दाणा टाकू नका'. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कुणावर?

चार दिवसांनी वर्ग भरला. जेवणाच्या वेळी नोबुएबाई स्वतः भांडं घेऊन पाचवीत गेल्या. सर दारात उभेच होते. कानाएनं भांड्यात डोकावून पाहिलं आणि हा आपलाच भात का, असं विचारलं.

"तुमचा संपला," सर घाईघाईनं म्हणाले. "सगळ्यांनी आवडीनं खाल्ला."

एवढं मात्र नोबुएबाईंच्यानं गिळवेना. नोकरी राहो की जावो, पोरांच्या तोंडावर खोटं नको.

"मी टाकला," त्या म्हणाल्या. "या हातांनी."

"नासला होता?" कानाएनं विचारलं.

"नाही गं. चांगला होता."

"मग का टाकलात?"

नोबुएबाईंनी सरांकडे पाहिलं. "नियम तसा आहे," सर जमिनीकडे पाहत म्हणाले.

"कुणीच नाही खाल्ला?" कानाएनं विचारलं.

"एकानं खाल्ला. हेडसरांनी. पहिला वाडगा त्यांचाच असतो."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. कानाए रागावली नव्हती, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"कसा होता, सर?"

मिझुकोशीसरांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला.

"गोड होता," ते म्हणाले, आणि पुढे एकाही पोरानं काही विचारलं नाही.