मागचं बटण

दादाचे कान गेले, असं लोक म्हणायचे आणि मी त्यांच्या अंगावर धावून जायचो. "कमी ऐकू येतं, गेलेले नाहीत!" चाळीस वर्षं आम्ही दोघं भाऊ जुने ज्यूकबॉक्स दुरुस्त करतोय. यंत्र माझं, आवाज त्याचा. मी हात घालायचा, त्याने कान लावायचा. त्याने मान डोलावली की गिऱ्हाईक डोळे मिटून यंत्र उचलायचं.

आता गिऱ्हाईकंच उरली नव्हती. शेवटची दोन यंत्रं दुकानात उभी होती आणि एका क्लबचे मॅनेजर त्यांतलं एक निवडायला येणार होते. दादाचा सल्ला पटला तर क्लबच्या सगळ्या यंत्रांची देखभालही आमच्याकडे. नाही तर महिनाअखेरीस शटर कायमचं खाली. त्या दिवशी आमचे दादा महाराज नवा शर्ट घालून आले होते. दाढीसुद्धा गुळगुळीत.

त्या दोन यंत्रांतल्या धाकट्याला आम्ही 'हमाल' म्हणायचो. दिवसभर राबवा, कुरकुर नाही. पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. थोरली ती 'म्हातारी'. जुन्या रेडिओसारखं व्हॉल्व्हचं यंत्र, गळा असा की अंगावर काटा यावा. पण दहा तबकड्यांमागे एक अडकवणार म्हणजे अडकवणारच. त्या सकाळीही तिचा हात तबकडी उचलायला कां कू करत होता. मी नेहमीच्या सवयीने मागचं आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि हात बसवायला घेतला. एकाच गाण्याची सुरुवात तीस वेळा ऐकली तर माणूस भिंतीवर डोकं आपटेल. हात जेमतेम बसला आणि मॅनेजर दारात.

आधी हमाल वाजवला. "हा दगा द्यायचा नाही, साहेब," मी म्हणालो.

दादाने त्याच्या लाकडावर तळवा ठेवला. "सांगाल ते काम करेल. जीव मात्र लावणार नाही." मॅनेजर हसले. मला वाटलं, जमलं!

मग म्हातारी. तबकडी अलगद उचलली गेली, फिरू लागली, सुई टेकली. आणि कुठे काय? नुसती सुईची बारीक खरखर. बटण!

दादा तळवा टेकवून, डोळे मिटून उभा होता. आत मोटर घुमत होती, तेवढंच त्याच्या हाताला लागत असणार. "खालचा सूर बघा, साहेब," तो म्हणाला. "आता वर जाईल... हं! हा गोडवा त्या दुसऱ्यात शोधूनही सापडायचा नाही."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले. हसले असते तर मी भांडलो तरी असतो. त्यांच्यादेखत मागे हात कसा घालायचा? शेवटी कसाबसा मागे गेलो आणि घाबरून बटण पार टोकाला नेलं. गाणं एकदम दुकानभर फुटलं. मॅनेजर दचकले. लाकूड थरथरलं आणि दादाने डोळे उघडले. आधी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, मग यंत्रामागे असलेल्या माझ्या हाताकडे. मग तळवा हळूच काढून घेतला.

"कळवतो," मॅनेजर अगदी सभ्यपणे म्हणाले. जाताना माझा खांदा थोपटला, दादाचा नाही.

गाणं संपलं. म्हातारीने तबकडी बिनचूक जागेवर ठेवली, नेमकी आज. तिला लाथ घालावीशी वाटली मला. खरं तर स्वतःलाच.

"किती वेळ बंद होतं?" दादाने विचारलं.

"सुरुवातीचं थोडंसं!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस. ओरडून काही होत नाही, मी ओठच बघतो." तो शर्टाची बाही सारखी करत राहिला. "अर्धं तरी झालं होतं. वर जाईल म्हणालो ना मी, तिथवर."

मी मान खाली घातली. या माणसाला मीच उघडं पाडलं होतं.

"पण शपथ घेऊन सांगतो," दादा म्हणाला, "मला सगळं ऐकू आलं रे."