धनगरवाड्याचा नळ

धनगरवाड्यात नळ बसला त्या दिवशी बयाबाईनं त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. पण त्या नळाला पाणी आलं ते तेवढं पहिल्या आठवड्यातच. कळमटेक गाव खाली नदीकाठी. इंजिन पाणी ओढून टाकीत चढवायचं आणि तिथून ते आळ्याआळ्यांच्या नळांना आणि काही घरांतल्या नळांना जायचं. धनगरवाडा वरच्या टेपावर, उंच टेकाडावर. खालच्या तोट्या उघडल्या की वर नुसती हवा फुसफुसायची. बयाबाई आणि तिच्या सुना पुन्हा घागरी घेऊन झऱ्यावर जाऊ लागल्या. पाणीपट्टी मात्र धनगरवाड्यालाही गावाइतकीच लागली, आणि त्यांनी ती मुकाट भरली. सरपंच हैबतरावाला नाही म्हणायची गावात रीत नव्हती. तसा तो वाईट माणूस नव्हता. पुण्याला खेटे घालून नळयोजना त्यानंच आणली होती आणि ती बंद पडेल या धास्तीनं त्याला झोप नसे.

पंचायत समित्या नव्यानं झाल्या तेव्हाची ही गोष्ट. माघात ग्रामपंचायतीचा शिपाई गेणबा दवंडी देत टेपावर आला. इंजिनाचं तेल महागलं होतं, म्हणून पाणीपट्टी वाढणार होती, सगळ्या घरांना सारखी. ज्याची हरकत असेल त्यानं सोमवारी चावडीत येऊन सांगावी, ऐकायला पौडहून पंचायत समितीचे साहेब येतील. कोणी बोललं नाही तर गावाला मान्य आहे असं धरलं जाईल.

बयाबाईनं त्याला ओट्यावर बसवलं. "हरकत कुनी सांगायची रं? पंचांनी?"

"गावात ऱ्हानाऱ्या कुनीबी. ल्हिता येत न्हाई त्यानं तोंडी सांगायची. सायेब ल्हिवून घेत्यात." मग त्यानं आवाज खाली आणला. "पर म्या सांगितलं म्हून कुटं बोलू नगंस."

वाड्यातले बापये मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. बयाबाईचा थोरला मुलगा धुळाही त्यांच्यात होता. मागं उरल्या त्या बायका, म्हातारी आणि लहान पोरं. बयाबाई खालच्या आळीत गेली. वाढीव पट्टी तिथल्या बायकांनाही जड जाणार होती. कोंडिबाची बायको तुळजाबाई तर तावातावानं म्हणाली, "तू उठ गं, आमी हाओत तुझ्यामागं." बाकीच्यांनीही माना हलवल्या.

त्याच सांजेला झऱ्याच्या वाटेवर हैबतराव आडवा आला.

"उन्हाळ्यात तुमची मेंढरं कुणाच्या वावरात बसत्यात, बया?"

"तुमच्या, आबा."

"मंग धुळ्याला इचारलंस का, सोमवारी काय बोलायचं ते?"

उत्तराला न थांबता तो निघून गेला. रात्री मेंढरं वावरात बसवली की लेंडीखत जमिनीला मिळायचं आणि बदल्यात धनगराला धान्य. हैबतरावाचं वावर मोठं. त्या धान्यावर बयाबाईच्या घरची चूल पावसाळाभर पेटायची. त्या दिवशी तिनं भाकरी मोडली आणि तशीच सुनेकडं सरकवली.

सोमवारी चावडी भरली. बाया दाराशी उभ्या होत्या. पौडचे साहेब जाजमावर बसले होते, शेजारी पंचायतीचा कारकून. साहेबांनी दरवाढ वाचून दाखवली आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

कोणी हललं नाही. हैबतरावाची नजर एकेका तोंडावरून फिरत होती, आणि ती जिथं जायची तिथली मान खाली जायची. तुळजाबाईनं पदर पुढं ओढून घेतला.

"कोणीच नाही? मग तसं लिहितो."

बयाबाई बायांतून पुढं झाली. दाराची चौकट धरून ती म्हणाली, "माजी हाय, सायेब."

"सायेब, घर हिच्या नावावर न्हाई," हैबतराव शांतपणे म्हणाला. "पोराच्या नावावर हाय, आन त्यो कोकणात. हिची हरकत कशी धरायची?"

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही राहता कुठं?"

"हितंच. धनगरवाड्यात. लगीन होऊन आले तवापास्नं."

"घर कोणाच्या का नावावर असेना, गावात राहणाऱ्याची हरकत ऐकावीच लागते. बोला तुम्ही."

ती बोलू लागली. नळ हाय, पाणी न्हाई. जे येत न्हाई त्याची पट्टी आधीच भरतोय, आता वाढवून कशाची घेताय? कारकून लिहीत होता. संपल्यावर त्यानं शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला. "हं, अंगठा लाव."

बयाबाईनं हात मागं घेतला. "काय ल्हिवलंय ते वाचा आदी."

चावडीत कुजबुज झाली. कारकुनानं साहेबांकडं पाहिलं आणि वाचलं, "वरच्या वस्तीस पाणी कमी येते, अशी तक्रार आहे."

"म्या कमी म्हनलं न्हाई. येतच न्हाई म्हनलं."

"एकच ते," हैबतराव म्हणाला.

"एक कसं, आबा? कमी आलं असतं तर म्या झऱ्यावर कशाला गेले असते?"

साहेबांनी कारकुनाला ओळ खोडायला लावली, नवी लिहवून घेतली आणि पुन्हा वाचायला सांगितली. मग बयाबाईनं अंगठा उठवला.

"सायेबांनी सोता बघावं," हैबतराव म्हणाला. "जेवून घ्या, तवर इंजिन सुरू हुईल. मंग वर जाऊ."

ऊन कलताना साहेब टेपावर आले. मागून अर्धा गाव. इंजिनाचा ठोका नदीकडून ऐकू येत होता. साहेबांनी तोटी फिरवली.

आधी हवा आली. मग तोटी थरथरली आणि पाण्याची जाड धार दगडावर आदळली.

कोणीतरी मागं हसलं. बयाबाई पुढं झाली, तिनं धारेखाली हात धरला. गारेगार पाणी कोपरापर्यंत उडालं. सुना घागरी आणायला धावल्या.

"आता?" हैबतराव म्हणाला. "सरकारी मानसापुढं खोटं बोललीस. काय करायचं तुजं?"

साहेबांचा चेहरा बदलला होता. "बाई, अंगठा लावलात तुम्ही. हे काय आहे?"

"ठावं न्हाई, सायेब," ती म्हणाली. "म्या खोटं बोलले न्हाई. पर हे पानी कुटनं आलं, मला ठावं न्हाई."

तेवढ्यात चढणीवरून बायका येताना दिसल्या. पुढं तुळजाबाई, कमरेवर रिकामी घागर. गर्दीकडं न बघता ती थेट हैबतरावापुढं आली. "आबा, इंजिन कवाधरनं चालतंय आन आमच्या आळीला थेंब न्हाई. पोरं पान्याला रडत्यात. झालंय काय?" आणि मग तिची नजर वाहत्या नळावर गेली.

साहेबांनी तोटी बंद केली. "गेणबा, टाकीवरचे व्हॉल्व्ह कोण फिरवतं?"

"मी, सायेब."

"खालच्या आळीचे बंद आहेत का?"

गेणबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. त्याला बायको होती, पोरं होती, नोकरी पंचायतीची होती. सगळे त्याच्याकडं बघत होते. शेवटी तो म्हणाला, "समद्या आळ्यांचे बंद केल्यात. सांगितलं म्हून केलं."

हैबतराव खाली दगडावर बसला. मग साहेबांना नाही, बायकांनाच म्हणाला, "इंजिनात जोर न्हाई. खाली सोडलं तर वर चढत न्हाई. हे पौडला कळलं तर योजना बंद करतील, असं वाटलं मला."

"मंग तसं सांगायचं हुतं, आबा," तुळजाबाई म्हणाली. "आमाला दाबून काय हुनार हुतं?" ती साहेबांकडं वळली. "माजीबी हरकत ल्हिवून घ्या. आन वाचून दाखवा."

तिच्यामागून एकेक जण पुढं आला. कारकून नळाच्या ओट्यावर बसून दिवेलागणीपर्यंत लिहीत होता.

होळीच्या आधी पौडहून निकाल आला. पाणी चढेपर्यंत धनगरवाड्याची पट्टी माफ. घरात नळ घेतलेल्यांना वाढीव दर, आळीच्या नळावर भरणाऱ्यांना जुनाच. योजना बंद झाली नाही.

चैत्रात मेंढरं वर आली. हैबतरावानं ती वावरात घेतली नाहीत. धुळा संतापला. "पट्टी वाचवलीस, पर पोटाचं काय? मेंढरं काय तुज्या नळापाशी बसवू?" तुळजाबाईच्या नवऱ्यानं, कोंडिबानं, आपलं खडकाळ रान देऊ केलं. त्यातून धान्य थोडंच आलं. त्या सालच्या पावसाळ्यात नाचणीची आंबील पातळ झाली आणि धुळा कितीक दिवस आईशी धड बोलला नाही. आपण केलं ते बरोबर का, हे बयाबाईनं पुष्कळदा मनाला विचारलं. कधी व्हय वाटायचं, कधी न्हाई.

दिवाळीनंतर मोठं इंजिन घेण्याचं ठरत होतं, तेव्हा चावडीत पुन्हा सभा भरली. मेंढरं कोकणात उतरायची होती, पण धुळा एक दिवस थांबला आणि आईबरोबर खाली आला. दाराशी गर्दी होती. हैबतरावानं बोलायला सुरुवात करण्याआधी कागदावरची नजर न काढता म्हटलं, "बयाबाईला म्होरं बसू द्या." माणसं सरकली. ती जाजमाच्या कडेला बसली, आणि धुळा तिच्या मागं.