कानसेनाचा कौल

गॅरेजच्या पाटीवरचं नाव कुणी वाचत नसे. जर्मन गाड्यांचे शौकीन त्या जागेला नुसतं 'कानसेनाकडे' म्हणायचे. गाणारा तानसेन, ऐकणारा कानसेन. हा साठी उलटलेला मेकॅनिक इंजिन ऐकायचा. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग कौल. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुरकुरतोय म्हणाला, की इंजिन उघडल्यावर तिसऱ्याचाच निघायचा. चाळीस वर्षांत हे इतक्यांदा झालं, की त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि दोन वर्षांपासून त्याला बारीक आवाज ऐकू येत नव्हते.

घरघर यायची, धडधड यायची, ट्रकचा हॉर्न यायचा. टिकटिक, चिरचिर, दाराची बेल, असलं सगळं गेलं होतं. बायकोने केव्हाच ओळखलं होतं. बेल वाजली की ती मुकाट उठायची. नवऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, ही नोकरी बायकांना कुणी न विचारताच लागलेली असते. कान तपासायला तो गेला नाही. एका शौकिनाला कळलं असतं तरी आठवड्यात गॅरेजला कुलूप लागलं असतं. पाने काय, कुणाच्याही पेटीत असतात. त्याच्याकडे कान होता.

मग तो लबाडीवर निभावत होता. गिऱ्हाइकालाच आधी बोलतं करायचं. तुम्हाला काय वाटतं, कुठून वाटतं, चढावर जास्त की उतारावर? आणि त्याचंच म्हणणं जरा पॉलिश करून त्याला परत द्यायचं. शौकीन माणूस खूश. शौकिनाइतका भोळा प्राणी नाही. बायको खोकली तर लक्ष नाही, गाडी खोकली की जेवण जात नाही.

त्या रविवारी सकाळी नेहमीचा दरबार भरला होता. टायरचा धंदा करणारा जाड्या मधोमध बसला होता. त्याला टर्बो म्हणत, कारण चार पावलं चालला की त्याच्या छातीतून शिट्टी निघे. कानसेनाला ती शिट्टीही हल्ली ऐकू येत नसे, पण टर्बो आला की तो सवयीने 'प्रेशर वाढलंय' म्हणायचा.

तेवढ्यात कानसेनाची मुलगी तिच्या छोट्या पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून आली. ती बॅटऱ्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर बॅटऱ्या भरायच्या, रिकाम्या करायच्या आणि त्यांचे आलेख बघायचे. बापाला जेवायला घरी न्यायला आली होती.

"आली मिक्सरवाली," टर्बो म्हणाला. "काय गं, बॅटरी बसली की गाडी भंगारात टाकणार, की तीत कोंबड्या पाळणार?"

"काका, माझ्या बॅटरीत किती जीव उरलाय ते मला स्क्रीनवर दिसतं," ती म्हणाली. "तुमच्या इंजिनात किती उरलाय ते कोण सांगतं?"

टर्बोने कानसेनाकडे बोट केलं. "हे काय, बसलेत की."

सगळे हसले. कानसेनही हसला, पण जरा उशिरा, बाकीच्यांची तोंडं बघून. मुलीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

मग दातांच्या डॉक्टरांची गडद निळी गाडी आत आली. अठ्ठावीस वर्षांची जर्मन गाडी आणि रंगावर ओरखडा नाही. डॉक्टर लग्नाची तारीख विसरतील, ऑइल बदलायची नाही. आज ते बायकोला घेऊन तिच्या भावाकडे निघाले होते, चारशे किलोमीटर, मधे डोंगर. बाई भाड्याची गाडी करू म्हणत होत्या. शेवटी ठरलं, कानसेन हो म्हणाले तर हीच न्यायची.

बाई पुढच्या सीटवर पाण्याची बाटली मांडीवर धरून बसल्या होत्या. काच खाली करून त्या म्हणाल्या, "भाऊ, नेऊ की नको, खरं सांगा. ह्यांचं ऐकू नका. हे गाडीच्या बाजूने बोलतात."

कानसेनाने नेहमीचा डाव टाकला. डॉक्टरांना विचारलं, तुम्हाला काय जाणवतंय? डॉक्टर म्हणाले, मी दात बघणारा माणूस, मला जाणवून काय उपयोग, तुम्ही सांगा. डाव फुकट गेला.

बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला. दरबार चिडीचूप झाला. कानसेनाला एकसारखी, जाड घरघर ऐकू आली. तिच्यामागे काहीच नव्हतं. एके काळी असं काहीच नसणं म्हणजे ठणठणीत इंजिन. आता ही शांतता गाडीची की आपली, हे त्याला कळत नव्हतं. 'उद्या उघडून बघतो, आज राहू द्या,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण आठ जण बघत होते. आठही तोंडांवर आधीच 'वा' तयार होता.

"घड्याळ आहे घड्याळ," तो म्हणाला. "बिनधास्त जा."

"बाबा," मुलगी म्हणाली, "टिकटिक येतेय."

ती अगदी शेजारी उभी होती, म्हणून त्याला कळलं. आणि तो पेटला. स्वतःवर पेटलेला माणूस जवळच्याला भाजतो.

"तुझ्या गाडीला आवाज नाही, आणि तू मला आवाज शिकवणार?"

दरबार खो-खो हसला. टर्बोला तर ठसकाच लागला. बाईंनी एकदा मुलीकडे बघितलं, काहीतरी विचारणार होत्या, पण डॉक्टर गाडीत बसलेसुद्धा. नेहमीप्रमाणे त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. गाडी चालवताना फक्त इंजिन ऐकायचं, हा त्यांचा नेम. निळी गाडी गेली.

मंडळी पांगायला पाऊण तास लागला. तोवर मुलगी गप्प होती. चारचौघांत बापाची शोभा नको म्हणून गप्प. आईचा वसा तिनेही घेतलाच होता. शेवटचा माणूस गेल्यावर तिने आपला फोन त्याच्यापुढे धरला. तो ऐकत असताना तिने इंजिनाचा आवाज फोनवर घेतला होता. स्क्रीनवर त्या आवाजाची रेघ होती. जाड, सपाट रेघ, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने वर आलेले काटे. एक, एक, एक.

"बाबा, हे तुम्हाला ऐकू आलं नाही ना?"

तो काटे बघत होता. चाळीस वर्षं जो आवाज त्याने ऐकला, तो आज पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होता. टायमिंग चेन. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात ठेवणारी साखळी. तिला अडवून धरणारी पट्टी झिजली होती आणि साखळी आतल्या आत आपटत होती. चढावर जोर पडला की तुटणार. तुटली की इंजिन जागच्या जागी थांबणार, आणि ब्रेक दगड होणार.

"फोन लाव," तो म्हणाला.

फोन बंद. बाईंचा नंबर दोघांकडेही नव्हता. टर्बोकडेही नव्हता. बाईंचा नंबर कुणी कशाला ठेवेल, शौक डॉक्टरांना होता.

ते तिच्या गाडीतून निघाले. बॅटरी शेहेचाळीस टक्के. मुलीने गाडी जितक्या जोरात पळवली तितकी बॅटरी भराभर उतरली. डोंगराच्या पायथ्याला नऊ टक्के राहिले. पुढे चढ होता. तिने गाडी चार्जिंगच्या खांबाशी लावली आणि जाड वायर खुपसली.

"किती वेळ?"

"चढापुरतं व्हायला पस्तीस मिनिटं."

"काही करता नाही येणार?"

"नाही, बाबा. थांबायचं फक्त."

आयुष्यभर त्याने कुठल्याही अडलेल्या यंत्राला काहीतरी केलं होतं. उघडलं होतं, ठोकलं होतं, फुंकलं होतं, शिवी घातली होती. इथे उघडायला काही नव्हतं. तो वायरीपाशी उभा राहिला. हातात स्क्रूड्रायव्हर होता. गॅरेजमधून निघताना तो खाली ठेवायचाच राहिला होता. त्याने तो खांबाला टेकवला आणि मूठ कानामागे लावली. मुलीने तोंड फिरवलं.

चोवीस टक्के झाले तेव्हा तिचा फोन वाजला. डॉक्टर होते, फोन चालू केल्यावर त्यांना तिचे कॉल दिसले होते. तिने आवाज मोठा केला. डॉक्टर ओरडून बोलत होते, तरी कानसेनाच्या हाती शब्दांचे तुकडेच लागले. बाकीचं मुलीने सांगितलं. चढावर इंजिन खाडकन बंद पडलं. ब्रेक दाबता दाबेना. गाडी मागे घरंगळत कठड्यावर जाऊन बसली. डॉक्टरांना काही नाही. बाईंचं मनगट मोडलंय, खांद्यालाही लागलंय. एका टेम्पोवाल्याने दोघांना दवाखान्यात आणलंय.

"आणखी काय म्हणतायत?" कानसेनाने विचारलं, कारण मुलगी मधेच थांबली होती.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "म्हणतायत, कानसेनांना मनाला लावून घेऊ नका म्हणावं. त्यांना ऐकू आलं नाही म्हणजे तेव्हा काही नव्हतंच."

त्याने फोन तिच्या हातातून घेतला. तोंडाशी धरला.

"डॉक्टर, मला ऐकू येत नाही."

"अहो, डोंगर आहे! रेंज नाही इथे!" डॉक्टर ओरडले.

"तसं नाही. दोन वर्षं झाली. मला ऐकू येत नाही."

"काय? थांबा, बाहेर येतो मी. आता? आता येतंय का?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. पलीकडे डॉक्टर दवाखान्याबाहेर जागा बदलत असावेत. पुन्हा तोच प्रश्न, आणखी मोठ्याने. मागे बाईंचं कण्हणं असेल तर ते बारीक होतं, त्याच्यापर्यंत पोचण्यासारखं नव्हतं.

"आता येतंय का, कानसेन?"

"हो," तो म्हणाला. "येतंय."